आधी बायको, मग नवरा

एस्पेरांतो भाषेचा जन्मदाता माहीत आहे आणि जन्मसालही. ब्यालिस्तोकमध्ये वाढलेले नेत्रवैद्य लुडविक झामेनहॉफ यांनी 1887 साली वॉर्सात तिचं पहिलं पुस्तक काढलं. तिच्यातल्या शब्दाचं मूळ शोधणं म्हणूनच सोपं वाटतं. बहुतेकदा असतंही. ‘फुंदामेंतो’ या 1905 च्या प्रमाणग्रंथातल्या कोशात प्रत्येक धातूपुढे फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, रशियन आणि पोलिश अर्थ दिले आहेत. ‘हुंदो’ म्हणजे कुत्रा. जर्मन अर्थ पाहिला की ‘हुंड’ सापडतो. काम संपलं.

‘एद्झो’ मात्र असा हाती लागत नाही. अर्थ ‘नवरा’, पण पाचही भाषांत त्याच्याशी जुळणारा उच्चार नाही.

इथे शोधणाऱ्याला उलटं चालावं लागतं. एस्पेरांतोत ‘इन’ हा प्रत्यय लावून स्त्रीवाचक शब्द होतो: ‘पात्रो’ बाप, ‘पात्रीनो’ आई. तशी ‘एद्झीनो’ म्हणजे बायको. पण झामेनहॉफ यांच्या स्पष्टीकरणानुसार आधी आली ती बायकोच. जर्मनमध्ये युवराजाची पत्नी ‘क्रोनप्रिन्त्सेसिन’. त्यातून युवराज वजा केला की शेपूट उरतं, त्याचंच झालं ‘एद्झीन’. त्यातलं ‘इन’ काढलं आणि नवरा तयार झाला!

अभ्यासक ज्यूंच्या यिद्दिश भाषेकडेही बोट दाखवतात. झामेनहॉफ ज्यू घरातले. त्या समाजात रब्बीची, म्हणजे धर्मगुरूची, बायको ती ‘रेबेत्सिन’, जशी आपल्याकडे पाटलाची पाटलीण. तिथेही रब्बी वगळला तर जवळपास तेच शेपूट हाती येतं. दोन्ही खुणा एकत्रही खऱ्या असू शकतात.

खरी गंमत त्या शेपटात आहे. जर्मन शब्दात फ्रेंचमधून आलेला ‘एस’ हा स्त्रीप्रत्यय आणि त्यावर पुन्हा जर्मन ‘इन’. यिद्दिश शब्दात स्लाव्ह ‘इत्स’ आणि वर ‘इन’. स्त्रीत्व दोनदा सांगितलेलं. दुसरा प्रत्यय सोलल्यावर उरला पहिला, आणि त्याच बाईपणाच्या तुकड्याला एस्पेरांतोत ‘नवरा’ हा अर्थ मिळाला. एका माणसाने विचारपूर्वक घडवलेल्या भाषेतही शब्द असे वाकडी वाट करून येतात, हे विलक्षण आहे.

मूळ कसंही असो, तुकडा कामाचा निघाला. ‘दोक्तोरीनो’ म्हणजे स्वतः डॉक्टर असलेली बाई. ‘दोक्तोरेद्झीनो’ म्हणजे डॉक्टरांची बायको. मराठीतल्या ‘डॉक्टरीणबाईं’बद्दल मात्र चौकशी करावी लागते. ‘फुंदामेंतो’च्या सरावपाठांत तर ‘लाविस्तीनेद्झो’ असाही शब्द भेटतो: कपडे धुणाऱ्या बाईचा नवरा, जो स्वतः धुण्याचं काम करत नाही.