विश्लेषण : चारही बांध मोजूनही जमिनीचे क्षेत्रफळ का चुकते?

वाटणी किंवा खरेदीपूर्वी अनेक जण टेप घेऊन शेताचे चारही बांध मोजतात. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात. या हिशेबात जमीन कागदावर फुगू शकते. ती का, याचे उत्तर त्रिकोणाच्या एका गुणधर्मात आहे.

चूक नेमकी कुठे होते?

समजा, चारही बांध ५० मीटरचे आहेत. कोपरे काटकोनात असतील तर हा चौरस आणि क्षेत्रफळ २५०० चौरस मीटर. पण तेच चार बांध कलते असतील तर आकार समभुज चौकोनाचा होतो. त्याचा एक कर्ण ६० मीटर असेल तर क्षेत्रफळ २४०० चौरस मीटरच भरते. बांध तेवढेच, तरी जमीन १०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा कमी.

त्रिकोणात असे का होत नाही?

तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचा आकार पक्का होतो. कोन बदलता येत नाहीत. शाळेतली एकरूपतेची ‘बाबाबा’ कसोटी हेच सांगते. चौकोन मात्र बाजू तेवढ्याच ठेवूनही दाबता येतो. चार पट्ट्यांच्या चौकटीला तिरपी पट्टी ठोकली की ती हलत नाही, कारण तिचे दोन त्रिकोण होतात.

कर्ण म्हणजे नेमके काय?

काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण. चौकोनात समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणारा रेषाखंड म्हणजे कर्ण. शेतासाठी दुसरा अर्थ घ्यायचा. कर्ण शेताच्या आतून जाणारा हवा.

मग हिशेब कसा करायचा?

कर्णामुळे शेताचे दोन त्रिकोण होतात. प्रत्येकासाठी हेरॉनचे सूत्र वापरावे. वरच्या उदाहरणात बाजू ५०, ५० आणि ६०, अर्धपरिमिती ८०. तीतून प्रत्येक बाजू वजा केल्यास ३०, ३० आणि २० उरतात. ८० × ३० × ३० × २० = १४,४०,०००; त्याचे वर्गमूळ १२००. दोन त्रिकोणांचे मिळून २४००. मोजलेल्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा कमी आली, तर मोजमाप चुकले असे समजावे; असा त्रिकोण असूच शकत नाही.

हे पूर्वी माहीत होते का?

होय. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त हाच मुद्दा मांडला. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आणि उत्तर देणाऱ्यालाही सोडले नाही.

या मोजणीला कायदेशीर आधार आहे का?

नाही. हद्दीचा वाद असल्यास भूमी अभिलेख विभागाकडे मोजणीचा अर्ज करावा लागतो. मात्र व्यवहाराची बोलणी करण्यापूर्वी चार बांधांसोबत एक कर्ण मोजला, तर गुंठ्याची चूक तिथेच लक्षात येते.