सामान्यांचे असामान्य यश

सामान्य माणसाला अलोट संपत्ती मिळविता येते काय, असा प्रश्न निघाला की बेळगावकरांच्या ओठी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव येते. किर्लोस्कर बंधूंचा आरंभ सायकलींच्या दुकानाने झाला. १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला. पण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. अशी चिकाटी पुष्कळ सामान्यांजवळ असते. तिला ऐन वेळी आधार लाभणे दुर्मिळ, आणि यशाची कथा सांगताना नेमके तेच गळते. बेळगावातील जागा सोडण्याची पाळी आली तेव्हा औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी माळरान दिले, कर्जही दिले. १९१० साली त्याच माळावर किर्लोस्करवाडी वसली.