रोजकीर्द, खतावणी आणि संगणक

दिवाळीच्या सुट्टीत माझी पुतणी चार दिवस आमच्याकडे राहावयास आली, तेव्हा तिच्या पिशवीत फराळाच्या डब्याखाली एक जाडजूड पुस्तक होते. येथेच इंदुरात ती बी.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षास आहे. दुपारी झोपाळ्यावर बसून ती डोळे मिटून काही पुटपुटत असलेली पाहून मी सहज विचारले, तर म्हणाली, "काका, डेटा आणि माहिती यांतला फरक पाठ करते आहे. दर परीक्षेला हा प्रश्न हमखास येतो. मी पाठ करते आणि विसरते. तुम्ही सांगा ना!"

विषयाचे नाव ‘मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स’, म्हणजे आपल्या भाषेत व्यवस्थापन माहिती प्रणाली. मी मराठीचा एम.ए.; जन्म गेला तो व्याकरण, निबंध आणि शासकीय शाळेच्या कारभारात. हा प्रांत आपला नव्हे, असे म्हणून मी हात झटकले खरे, परंतु रात्री कुतूहलाने ते पुस्तक उघडले आणि मध्यरात्र उलटून गेली तरी खाली ठेववले नाही. सकाळी चहाच्या वेळी मी तिला सांगितले, "अगं, हा उद्योग मी तीस वर्षे करीत आलो आहे. त्याचे नाव तेवढे मला ठाऊक नव्हते."

वाचकहो, आज आपल्या घराघरांतून मुलेमुली वाणिज्य आणि व्यवस्थापन या शाखांकडे वळत आहेत, आणि हा विषय त्यांच्या वाट्याला येतोच. त्यात नेमके काय शिकवितात, हे आपणही समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम तो पाठ करण्याचा प्रश्नच घेऊ. शाळेचा हजेरीपट उघडा. एका वर्गात चाळीस मुले आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर एक हजार खुणा झाल्या. या खुणा म्हणजे डेटा. त्या खऱ्या आहेत, पण मुक्या आहेत. मी एका खेड्यातील शाळेवर असताना एका शिक्षकाने या खुणांची वारांप्रमाणे बेरीज मांडली, तेव्हा दिसून आले की मंगळवारी मुलींची गैरहजेरी इतर दिवसांच्या दुपटीहून अधिक आहे. ही झाली माहिती. मंगळवार हा त्या गावचा बाजाराचा दिवस. आया भाजी घेऊन बाजारात बसत आणि थोरल्या मुली घरी धाकट्या भावंडांना सांभाळीत. हे ज्ञान हजेरीपटात नव्हते, ते गावात राहिल्याने आले. पुढे आम्ही मंगळवारी धाकट्या भावंडांना वर्गात बसू देऊ लागलो आणि चाचण्या त्या दिवशी घेणे बंद केले. हा झाला निर्णय. खुणेपासून माहिती, माहितीपासून ज्ञान आणि ज्ञानापासून निर्णय, एवढी वाट समजली की त्या पुस्तकाचा पहिला भाग समजला.

दुसरा भाग आपल्या आजोबा-पणजोबांना अधिक लवकर उमगला असता. जुन्या पेढीवर दिवसाचा प्रत्येक व्यवहार प्रथम रोजकीर्दीत चढे. तेथून तो ज्याच्या त्याच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत जाई. वर्षअखेर त्यातून ताळेबंद निघे. रोजकीर्द कारकुनाने पाहावयाची, खतावणी मुनिमाने आणि ताळेबंद मालकाने. मालकाने रोज रोजकीर्द वाचत बसणे जितके निरर्थक, तितकेच कारकुनाने ताळेबंदाची चिंता वाहणे. रॉबर्ट अँथनी या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ साली व्यवस्थापनाच्या ज्या तीन पायऱ्या मांडल्या, त्या याच वाटेच्या आहेत. खाली दैनंदिन कामकाजावरील नियंत्रण, मध्ये व्यवस्थापकीय नियंत्रण आणि वर दूरवरचे नियोजन. प्रत्येक पायरीस लागणारी माहिती निराळी असते. खाली ती तपशीलवार आणि आजची हवी. वर ती सारांशरूप, पुढच्या वर्षांकडे पाहणारी आणि बरीचशी बाहेरच्या जगाविषयीची हवी. या पायऱ्यांना धरूनच अभ्यासक्रमात व्यवहारांची नोंद करणाऱ्या प्रणाली, अहवाल देणाऱ्या प्रणाली आणि निर्णयास साहाय्य करणाऱ्या प्रणाली अशी वर्गवारी शिकविली जाते.

या सर्वांत संगणक केव्हा आला, ही कथा मोठी रंजक आहे. व्यापारी कामासाठी नित्य चालणारा पहिला संगणक एखाद्या बँकेने वा शस्त्रांच्या कारखान्याने नव्हे, तर चहा आणि केक विकणाऱ्या एका कंपनीने उभा केला. लंडनच्या जे. लायन्स आणि कंपनीची चहाची दुकाने इंग्लंडभर होती. त्यांनी स्वतःच बनविलेल्या ‘लिओ’ नावाच्या यंत्राने १९५१ च्या नोव्हेंबरात बेकरीच्या मालाचे हिशेब करण्यास आरंभ केला. पुढे १९५४ पासून दुकानांच्या मागण्याही त्यावर येऊ लागल्या. रोजची ठराविक मागणी यंत्रापाशी असे; दुकानाच्या व्यवस्थापिकेने दूरध्वनीवर फक्त बदल तेवढा कळवावयाचा. किती पाव, किती केक कोठे पाठवावयाचे, याचा हिशेब यंत्र करी. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, यंत्र येण्यापूर्वीच त्या कंपनीने आपल्या कचेरीतील कामाच्या पद्धतींचा बारकाईने अभ्यास केला होता. आधी काम नीट मांडले आणि मग ते यंत्राला दिले. आज अनेक कचेऱ्यांत नेमका उलटा क्रम दिसतो.

विद्यापीठात हा विषय स्वतंत्रपणे शिकविण्यास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९६८ च्या सुमारास प्रारंभ झाला. त्यात गॉर्डन डेव्हिस या प्राध्यापकांचा वाटा मोठा; त्यांचा या विषयावरील पायाभूत ग्रंथ १९७४ साली निघाला. तेव्हापासून यंत्रे पार बदलली, तरी अभ्यासक्रमाचा सांगाडा बराचसा तोच राहिला आहे. प्रणाली म्हणजे केवळ यंत्र नव्हे. यंत्र, त्याला दिलेल्या आज्ञा, डेटा, कामाची पद्धत आणि माणसे या पाचांची मिळून प्रणाली होते, हे पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते. विद्यार्थी यंत्राविषयीचे प्रकरण आवडीने वाचतात आणि माणसांविषयीचे परीक्षेच्या आदल्या रात्री.

त्यानंतर येते डेटाबेसचे प्रकरण. एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली जी रचना सुचविली, तिचे मर्म असे की डेटा तक्त्यांमध्ये मांडावा, प्रत्येक ओळीस तिची स्वतःची अशी एक ओळखखूण असावी आणि तक्ते त्या खुणांनी एकमेकांशी जोडावेत. त्यातूनच पुढे हा दंडक रूढ झाला की एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. याचा लाभ आपण सर्वांनी अनुभवला आहे. पूर्वी रेल्वेचे आरक्षण जाड नोंदवह्यांतून होई, आणि परतीच्या प्रवासाचे तिकीट काढणे हे एक दिव्यच असे. १९८५ साली दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा प्रयोग सुरू झाला. पुढे एकेका केंद्राची यंत्रणा परस्परांना जोडली गेली आणि १९९९ पर्यंत देशातील प्रमुख केंद्रे एका जाळ्यात आली. इंदुरात बसून पुण्याहून परतीचे तिकीट मिळू लागले, हे मराठी माणसाला सुट्टीतील आजोळच्या वाटेवर लाभलेले केवढे सुख! एकाच जागेची एकच नोंद, आणि ती सर्वांना दिसणारी, एवढ्यानेच हे साधले.

परंतु याच ‘एक ओळखखूण’ नावाच्या गोष्टीने मला जो धडा दिला, तो पुस्तकात नव्हता.

काही वर्षांपूर्वी माझ्या शाळेत आठवीत एक मराठी मुलगी होती. आमच्या या प्रदेशात आपल्या नावांची जी ओढाताण होते, ती वाचकांना सांगावयास नको. तिच्या आडनावात ‘ळ’ होता. शाळेच्या दाखल-खारिज वहीत वडिलांनी स्वहस्ते तो लिहिला होता. हिंदीच्या व्यवहारात हे अक्षर नाही, म्हणून दुसऱ्या एका कागदावर त्याचा ‘ल’ झाला. रोमन लिपीत तेच आडनाव एके ठिकाणी एका ‘ए’ने, तर दुसऱ्या ठिकाणी दोन ‘ए’नी लिहिले गेले. परिणामी संगणकाच्या लेखी त्या दोन निरनिराळ्या मुली ठरल्या. एक शाळेत होती, पण तिला खाते नव्हते. दुसरीला खाते होते, पण ती कोणत्याच शाळेत नव्हती. शिष्यवृत्ती थांबली. वडील तीन वेळा संबंधित कार्यालयात जाऊन आले. प्रत्येक वेळी रोज बुडाला आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळाले, "संगणक घेत नाही."

ते चौथ्यांदा माझ्यापाशी आले तेव्हा मी घाईत होतो. समोर भरावयाच्या तक्त्यांचा ढीग होता. मीही तेच म्हणालो, "संगणक घेत नाही हो, मी तरी काय करू?" ते काही न बोलता नमस्कार करून गेले. पुढे मी पत्रे लिहिली, खेटे घातले, आणि अकराव्या महिन्यात दुरुस्ती झाली. पण नोंद बरोबर झाली तेव्हा मुलगी शाळेत नव्हती. घरची ओढ पाहून तिला कामाला लावले होते. त्या वर्षी आमच्या तक्त्यातील सर्व रकाने पूर्ण भरले गेले होते, हेही सांगितले पाहिजे.

पुतणीच्या पुस्तकात मला रसेल अकॉफ या विचारवंताच्या निबंधाचा उल्लेख सापडला. १९६७ साली, म्हणजे हा विषय बाल्यावस्थेत असतानाच, त्यांनी या प्रणालींना थट्टेने ‘व्यवस्थापनाच्या अप-माहिती प्रणाली’ म्हटले होते. अधिकाऱ्यांस माहिती कमी पडते हा समज चुकीचा आहे. त्यांच्यावर निरुपयोगी माहितीचा मारा होतो हे खरे दुखणे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी खोडून काढलेली आणखी एक समजूत तर मला माझ्याच उत्तरासारखी वाटली. प्रणाली आतून कशी चालते हे अधिकाऱ्याला कळण्याची गरज नाही, ती वापरता आली की पुरे, ही ती समजूत. अकॉफ यांचे म्हणणे असे की, ज्याला प्रणाली कळत नाही तो तिचे मूल्यमापन करू शकत नाही, आणि मग तो प्रणाली चालवीत नाही, प्रणालीच त्याला चालविते.

हे किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. तेथील टपाल खात्याने १९९९ पासून आपल्या शाखांत ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबप्रणाली बसविली. तिच्यातील दोषांमुळे खेडोपाडीच्या शाखाचालकांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. चालक सांगत की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. यंत्र सांगे की घेतले आहेत. संगणक बरोबर चालतो असे गृहीत धरण्याचा तेथील न्यायालयांचा संकेत होता. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना चोरी, अफरातफर वा खोटा हिशेब या आरोपांखाली दोषी ठरविले गेले. कित्येकांनी घर विकून न झालेली तूट भरली, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. २०१९ साली उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले, २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एकाच दिवशी ३९ जणांची शिक्षा रद्द केली, आणि अखेर २०२४ साली संसदेला खास कायदा करून उरलेल्यांपैकी बहुतेकांना निर्दोष ठरवावे लागले. एका यंत्रावर विश्वास ठेवून शेकडो माणसांवर अविश्वास दाखविला गेला.

तेव्हा ज्यांच्या घरी कोणी हा विषय घेतला असेल, त्यांना माझी विनंती आहे. मुलाला नुसते "गुण किती पडले?" असे विचारू नका. "तुझ्या प्रणालीत चूक झाली तर ती कोण दुरुस्त करील, आणि ज्याची चूक झाली त्याने जावे कोठे?" असे विचारा. अभ्यासक्रमात प्रणाली उभारण्याच्या पायऱ्या शिकवितात. आधी गरजेचा अभ्यास, मग आराखडा, उभारणी, चाचणी, वापर आणि शेवटी देखभाल. त्या पहिल्या पायरीवर विद्यार्थ्याने अधिकाऱ्याशी बोलावे, तसे कारकुनाशी बोलावे आणि खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाशीही बोलावे. आणि आपण घरच्या मंडळींनी एवढे करावे की, मुलांच्या सर्व कागदांवर नाव-आडनाव, रोमन अक्षरांसह, एकसारखे आहे ना, हे आजच पडताळून पाहावे. आपल्या देशात २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्यातही स्वतःविषयीच्या नोंदीत दुरुस्ती मागण्याचा हक्क नमूद केलेला आहे.

जाण्याच्या दिवशी पुतणीने ती मुलगी आता कोठे असते, असे विचारले. मी म्हणालो, "लग्न होऊन देवासकडे गेली, एवढे ऐकले आहे." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग वही उघडून तिने त्या पाच गुणांच्या प्रश्नाखाली उदाहरण म्हणून हजेरीपट, मंगळवार आणि बाजार लिहून घेतला. त्याखाली एक ओळ सोडून ‘ळ’ असे एकच अक्षर लिहिले, आणि वही मिटून पिशवीत ठेवली.