एचपीव्ही लस : समज, गैरसमज आणि पुरावा

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना गर्भाशयमुखाचा, म्हणजे गर्भाशय जेथे योनिमार्गाला मिळते त्या अरुंद भागाचा, कर्करोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. हा रोग जवळजवळ नेहमीच ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या संसर्गातून उद्भवतो. या कार्यकारणाचा शोध लावणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूच्या दोनशेहून अधिक प्रकारांपैकी १६ आणि १८ हे दोनच प्रकार जगभरातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख-कर्करोगांना कारणीभूत असतात आणि लसीचा मुख्य रोख याच दोन प्रकारांवर असतो.

नऊ-दहा वर्षांच्या मुलीला लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूची लस कशाला, लग्न ठरल्यावर देता येईल, असे अनेक पालकांना वाटते. लस विषाणूला शरीरात ठाण मांडू देत नाही. मात्र आधीच झालेला संसर्ग ती घालवू शकत नाही. म्हणून संसर्गाची शक्यता सुरू होण्याच्या पुष्कळ आधी ती घेणे सर्वांत लाभदायक ठरते, शिवाय ९ ते १४ या वयात शरीर तिला अधिक जोमाने प्रतिसाद देते. स्वीडनमधील सुमारे १७ लाख मुली व तरुणींच्या नोंदींवर आधारलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांमध्ये या कर्करोगाचे प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा ८८ टक्क्यांनी कमी आढळले. उशीर झाला म्हणून लस सर्वस्वी निरुपयोगी ठरते असे नाही, कारण सव्विसाव्या वर्षापर्यंत ती घेता येते. पण लाभ वयागणिक घटत जातो. मुलीला लस देणे म्हणजे तिच्या चारित्र्याविषयी शंका घेणे, हा समज तर विशेष अन्यायकारक आहे, कारण हा संसर्ग इतका सर्वसामान्य आहे की विवाहाबाहेर कधीही संबंध न आलेल्या स्त्रीलाही तो पतीकडून होऊ शकतो.

लसीने वंध्यत्व येते किंवा लसीतूनच कर्करोग होतो, ही भीतीही वारंवार व्यक्त होते. लसीत जिवंत वा मृत विषाणू नसतोच. विषाणूच्या बाह्य कवचातील एक प्रथिन यीस्टसारख्या पेशींत तयार केले जाते आणि त्याचे रेणू आपोआप जुळून पोकळ गोलक बनतात. संसर्ग घडवण्यास लागणारा डीएनए या गोलकांत नसल्याने त्यांच्यापासून रोग होणे शक्य नाही. वंध्यत्वाचा संबंधही मोठ्या अभ्यासांत आढळलेला नाही. दंड दुखणे, थोडा ताप येणे हे परिणाम मात्र खरे आहेत, आणि किशोरवयीन मुलींना कोणत्याही इंजेक्शननंतर भोवळ येऊ शकते, म्हणून लस दिल्यावर त्यांना पंधरा मिनिटे बसवून ठेवतात.

भारतातील अविश्वासाचे मूळ मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. २००९ साली तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत एका आंतरराष्ट्रीय संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने लसीकरणाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. त्यात सहभागी झालेल्या सात मुलींच्या मृत्यूंची वार्ता पसरल्यावर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. पुढील चौकशीत बुडणे, सर्पदंश, कीटकनाशक प्राशन, मलेरिया अशी कारणे समोर आली. मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही. परंतु त्याच चौकशीने आणि २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालाने हेही दाखवून दिले की वसतिगृहांतील अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांनी सह्या केल्या होत्या. लस निर्दोष ठरली तरी ती देण्याची ही रीत निर्दोष नव्हती, आणि गरीब आदिवासी कुटुंबांना न विचारता त्यांच्या मुलींना टोचले गेले, हा राग अज्ञानातून आलेला म्हणून झटकून टाकणे उचित होणार नाही.

प्रकल्प थांबवणाऱ्या २०१० च्या आदेशामुळे सोलापूर जिल्ह्यातील बार्शी, पुणे आणि देशातील इतर केंद्रांवर चाललेली एक स्वतंत्र चाचणीही अर्धवट थांबली. दोन आणि तीन मात्रांची तुलना करण्यासाठी तिची आखणी झाली होती, पण काम थांबल्याने सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी या मुलींचा माग सोडला नाही, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या निष्कर्षांत प्रकार १६ व १८ च्या दीर्घकालीन संसर्गापासून एका मात्रेने ९५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दोन वा तीन मात्रांच्या तोडीचे, संरक्षण दिल्याचे आढळले. एक मात्रा पुरेशी नाही, हा समज ज्या पुराव्यांनी मोडला त्यांत या मुलींचा वाटा मोठा आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयोगटासाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला. एचआयव्हीबाधित वा प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्तींना मात्र अधिक मात्रा लागतात.

ही लस केवळ मुलींची नव्हे. हाच विषाणू पुरुषांमध्ये घसा, गुदद्वार आणि शिश्न यांचे कर्करोग व जननेंद्रियांवरील चामखिळी निर्माण करतो, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची २०२३ पासून मिळू लागलेली सर्व्हाव्हॅक ही लस मुलगे व मुली दोघांसाठी मान्यताप्राप्त आहे.

लस घेतली की तपासणीची गरज उरत नाही, हा समज सर्वांत घातक ठरू शकतो, कारण कर्करोगकारक प्रकार सगळेच लसीत समाविष्ट नसतात. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३० हजार स्त्रियांवरील अभ्यासाने २००९ सालीच दाखवले की आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेली होती. मुलीला लसीसाठी घेऊन येणाऱ्या तिशी ओलांडलेल्या आईने त्याच भेटीत स्वतःच्या तपासणीचीही चौकशी करावी.