नोकरी कायमची, पण मनाविरुद्धची!

फार्मसीची पदविका घेताना डोळ्यांपुढे असतं मोठं इस्पितळ, नाहीतर औषध कंपनीची प्रयोगशाळा. मग लग्न, यजमानांची बदली, मुलांची शाळा... आणि पदरात पडते ती बाजारपेठेतल्या मेडिकलमधली नोकरी. "कायम झालीस ना, मग कुरकुर कशाला?" असं घरचे म्हणतात. पण मन रमत नाही, त्याचं काय?

आधी एक लक्षात घ्या. 1948 च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टनंच द्यायचं असतं. तुम्ही नुसत्या विक्रेत्या नव्हेत! मालक दिवसभर गल्लाच सांभाळायला लावत असतील, तर चिठ्ठ्या तपासायचं काम मागून घ्या. 'शेड्यूल एच-वन'मधल्या औषधांची वेगळी नोंदवही 3 वर्षं जपावी लागते. ती स्वतः लिहा. एखाद्या आजींना गोळी जेवणाआधी की नंतर, हे नीट समजावून सांगा. कामात जीव येतो तो इथूनच.

तरीही नकोच वाटलं, तर खुशाल सोडा. पण तडकाफडकी नको. दुसरीकडचं पक्कं होऊ द्या, अनुभवाचा दाखला हाती घ्या. दुकानाच्या परवान्यावर तुमचं नाव असेल, तर नोकरी सोडल्याचं अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवा, पोच जपून ठेवा. "नाव राहू द्या, घरबसल्या पैसे देतो," या गोड बोलण्याला मुळीच भुलू नका. तुमच्यामागे एखादं चुकीचं औषध गेलं, तर जाब तुम्हालाही द्यावा लागेल.