ट्रॅक्टरचे तेल कमी झाले, पण ते गेले कुठे?



बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या या विषयांवर मी या पानांतून वरचेवर लिहीत असतो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे, पण उसाशी त्याचा संबंध नाही असे मात्र समजू नये. पेंचच्या पाण्यावर ऊस कितीही चांगला पिकविला तरी गव्हाणीपर्यंत तो ट्रॅक्टरनेच यायचा असतो. तोडलेल्या उसाचे वजन तासातासाने घटते आणि त्यातील साखर मोडू लागते. म्हणून तोडीपासून २४ तासांच्या आत गाळप व्हावे असा आपला आग्रह असतो. ट्रॅक्टर वाटेत बसला तर वर्षभराची मेहनत रस्त्याच्या कडेला वाळत पडते.

माझीच चूक

काही वर्षांमागची गोष्ट. ऐन हंगामात आपल्या भागातील एका सभासदाचा ट्रॅक्टरचालक माझ्याकडे आला.

"साहेब, लिफ्ट उचलून नाही राहिली."

"तेल पाहिलं काय?"

"पाहिलं ना जी. कमीच दिसून राहिलं."

मी पट्टी काढून पाहिली, तेल खालच्या खुणेच्याही खाली होते. कन्हानच्या दुकानातून डबा आणवून तेल टाकले, लिफ्ट उचलू लागली. दहा-बारा दिवसांनी तोच पुन्हा आला. पुन्हा तेल टाकले. त्याने विचारले, "साहेब, हे तेल जाते कुठं?" मी घाईत होतो. म्हणालो, "अरे भाऊ, ट्रॅक्टर म्हटला की थोडंफार तेल खातोच."

हे माझे वाक्य साफ चुकीचे होते. इंजिनात तेल थोडेफार जळते, हे खरे. गिअरबॉक्सच्या पेटीत तेल जळत नाही. तेथील तेल कमी झाले म्हणजे ते कोठून तरी बाहेर गेलेच.

ते कुठे गेले हे पुढच्या आठवड्यात कळले. कामठीकडे जाताना पुलाआधी वाहनांची रांग लागली होती. चालकाने ब्रेक दाबला, डावे चाक धरले, उजवे धरलेच नाही. ट्रॅक्टर डावीकडे ओढला गेला, ट्रॉली रस्त्याखाली उतरून कलंडली. चालकाचे मनगट मोडले. पुढे सायकलवर एक शाळकरी पोर होते. हातभर अंतर राहिले. ऊस दोन दिवस तेथेच पडून होता.

मिस्त्रीने उजवी बाजू खोलली तेव्हा आतील ऑइल सील फाटलेले निघाले. आम्ही दोन वेळा ओतलेले तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर गेले होते. मी पट्टीवरची खूण पाहिली, पण तेलाची वाट शोधली नाही. ते पोर आजही डोळ्यांपुढे येते, म्हणून हा लेख.

एकच तेल, कामे अनेक

ट्रॅक्टरच्या मागच्या पेटीतील तेल नुसते दात्यांना वंगण देत नाही. हॅरी फर्ग्युसनने १९३९ साली फोर्डच्या ९-एन ट्रॅक्टरवर तीन सांध्यांची हायड्रोलिक लिफ्ट आणली, आणि नांगर उचलण्याचे काम तेलाच्या दाबाकडे गेले. पुढे त्याच्याच टीई-२० ट्रॅक्टरमध्ये गिअर आणि लिफ्ट यांना एकच तेल पुरे. आजही अनेक ट्रॅक्टरांत हीच रीत आहे. नव्या ट्रॅक्टरांतील 'तेलातले ब्रेक' तर याच तेलात बुडालेले असतात. तेल चुकीचे पडले तर असे ब्रेक कुरकुरतात व नीट धरत नाहीत. म्हणजे लिफ्ट, गिअर आणि ब्रेक या तिन्हींचा जीव एका पेटीत असतो.

तेल कसे पाहावे

१) ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. उतारावर पट्टी खोटे बोलते.

२) अवजार व लिफ्टचे हात पूर्ण खाली सोडावेत. हायड्रोलिक ट्रॉली जोडलेली असेल तर तीही खाली असावी. ट्रॉली उचललेली असताना बरेच तेल तिच्या जॅकमध्ये असते आणि पेटीत कमी दिसते. त्या वेळी भर घातली तर ट्रॉली खाली येताच तेल जास्त होते.

३) इंजिन बंद करून, हँडब्रेक लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

४) पट्टी काढण्याआधी भोवतालची जागा फडक्याने पुसावी. आपल्याकडे गोंडेगाव-इंदर खाणींकडची कोळशाची धूळ सगळीकडे असते. तिचा चिमूटभर कचरा आत गेला तरी पंपाला पुरतो.

५) पट्टी पुसून पुन्हा घालावी व मग वाचावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे.

६) रंग पाहावा. दुधाळ चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. नाल्यातून ट्रॅक्टर काढला असेल तर हे होते. अशा तेलात भर घालून उपयोग नाही, ते बदलावेच लागते. काळे व जळका वास असलेले तेलही तसेच. बोटांवर चकाकणारा कीस आला तर दाते किंवा बेअरिंग झिजते आहे, मिस्त्रीस दाखवावे.

भर कशी घालावी

तेलाचा प्रकार ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेला असतो, तोच घ्यावा. 'सगळी तेलं सारखीच' हे दुकानदाराचे म्हणणे ऐकू नये. स्वच्छ नरसाळ्याने थोडे थोडे टाकावे, पाच मिनिटे थांबून पुन्हा पट्टी पाहावी. वरच्या खुणेवर जाऊ नये. जादा तेल दात्यांत घुसळून फेसाळते, तापते आणि सीलमधून बाहेर पडते.

आणखी एक गोष्ट. हंगामात एकाची ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला सर्रास जोडतात. त्या जॅकमधील तेल आपल्या पेटीत येते, त्याबरोबर त्याचे पाणी आणि कचराही. जोडण्याआधी निदान कपलिंग पुसून घ्यावे आणि दोन्हींकडे एकाच जातीचे तेल आहे ना, एवढे विचारावे.

तेलाची वाट शोधा

तेल एकदा कमी दिसले तर भर घालून तारीख लिहून ठेवावी. दुसऱ्यांदा कमी दिसले तर ट्रॅक्टर उसाला जोडू नये. मागील दोन्ही चाकांची आतील बाजू, पी.टी.ओ.चा दांडा, लिफ्टच्या नळ्या, तळाचा बोल्ट आणि क्लचच्या पेटीखालचे भोक पाहावे. क्लचकडे तेल गेले तर क्लच घसरतो. कोरड्या ब्रेककडे गेले तर काय होते ते वर सांगितले.

मुलांच्या मोटारीबद्दल

नागपूर-पुण्यास नोकरी करणारी आपली मुले आता बिनक्लचच्या मोटारी घेऊन गावी येतात आणि बाबाच तेल पाहायला बोनेट उघडतात. तेथे ट्रॅक्टरची रीत चालवू नये. पूर्ण ऑटोमॅटिक गाडीत बहुधा लालसर रंगाचे वेगळे तेल असते. अनेक गाड्यांत ते इंजिन गरम व चालू ठेवून पाहावे लागते, काहींत बंद करून, तर पुष्कळ नव्या गाड्यांत पट्टीच नसते. भारतात २०१४ साली सेलेरिओपासून रुळलेल्या 'एएमटी' गाड्यांचा गिअरबॉक्स आतून साधाच असतो, त्याला हे लाल तेल चालत नाही. तेव्हा पुस्तक पाहावे, नाहीतर हात लावू नये. मूळ नियम मात्र तोच: गळती नसेल तर तेल कमी होत नाही.

सभासदांनी हंगामात दर सोमवारी, पहिली खेप निघण्याआधी, ही तपासणी करावी. पाव तासाचे काम आहे. आणि चालकाने "तेल जाते कुठं?" असे विचारले, तर त्याला मी दिले तसले उत्तर देऊ नये. त्याच्याबरोबर चाकाखाली वाकून पाहावे.

कळावे.

ऊस विकास अधिकारी