‘स्वतः’ आणि मतदारयादी : रमाबाई रानडे यांच्या लेखनाविषयी

रमाबाई रानडे यांचा ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना लाभली. मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांत या ग्रंथाचे स्थान आरंभीचे आणि मोठे आहे. परंतु पुढे मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीचे नेतृत्व करणाऱ्या रमाबाई या पुस्तकात भेटत नाहीत. ही उणीव केवळ कालक्रमाची आहे, की तिचे मूळ ग्रंथाच्या भाषेतच आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात रमाबाईंचा जन्म झाला. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही माधवरावांनी वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवून हा विवाह केला, आणि नंतर पत्नीचे शिक्षण स्वतः हाती घेतले. या शिक्षणाची किंमत रमाबाईंना माजघरात चुकवावी लागली. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून झालेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरसाहेबांसमोर इंग्रजी निवेदन वाचले, तेव्हा घरी परतल्यावर सासरच्या बायकांची बोलणी त्यांना निमूटपणे ऐकावी लागली. ते हायस्कूल १८८४ मध्ये सुरू झाले व ‘हुजूरपागा’ या नावाने प्रसिद्धीस आले. ‘आठवणीं’तील सर्वांत जिवंत भाग अशा प्रसंगांचा आहे.

मात्र ग्रंथाचे नाव बारकाईने वाचले पाहिजे. ‘माझ्या’ नव्हे, ‘आमच्या’. शिवाय पतीचा उल्लेख त्या ‘स्वतः’ या शब्दाने करतात. पतीचे नाव पत्नीने उच्चारू नये, हा त्या काळच्या घरांतील दंडक; त्यामुळे ‘इकडून’, ‘स्वारी’, ‘स्वतः’ असे शब्द नावाच्या जागी येत. कॅथरीन गेट्स यांनी १९३८ मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतराचे ‘हिमसेल्फ’ हे नाव याच लकबीवरून आले आहे. भाषांतरकर्त्रीने मर्म अचूक टिपले असे म्हणावे लागेल. जो शब्द बोलणाऱ्याने आपल्याकडे ठेवावयाचा, तोच या ग्रंथात दुसऱ्याला देऊन टाकला आहे. साहजिकच १९०१ मध्ये माधवरावांचे निधन झाले, तेथेच ‘आमचे आयुष्य’ही संपते.

हा संकेत एकट्या मराठीचा नाही. बंगळूरच्या राजाजीनगरसारख्या भागात मराठी व कन्नड कुटुंबे शेजारी राहतात. तेथील वडीलधाऱ्या मराठी स्त्रिया ‘आमचे हे’ म्हणतात, तर कन्नड शेजारणी ‘नम्म यजमानरु’ किंवा ‘नम्म मनेयवरु’, म्हणजे ‘आमचे धनी’ किंवा ‘आमच्या घरचे’, म्हणतात. भाषाकुले भिन्न असली तरी संकोच एकच आहे. ‘आमचे’ आणि ‘नम्म’ या बहुवचनी सर्वनामांचे कामही एकच. भारतीय साहित्यांचा तौलनिक अभ्यास करताना शब्दसंग्रहाइतकेच अशा मौनांकडेही लक्ष द्यावयास हवे.

आता रमाबाईंच्या उत्तरायुष्याकडे वळू. १९०४ मध्ये मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा होत्या. १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन झाले, तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले, आणि प्रौढ स्त्रिया व विधवा यांच्यासाठी शिक्षणाचे व स्वावलंबनाचे एक केंद्र उभे राहिले. १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रथम मुलांपुरतेच ठेवावे असा आग्रह होता. मुलींनाही ते मिळावे म्हणून रमाबाई आंदोलनात उतरल्या.

मताधिकाराचा प्रश्न याच मार्गावर पुढे आला. १९१७ मध्ये स्त्रियांच्या शिष्टमंडळाने भारतमंत्री माँटेग्यू यांच्याकडे मताधिकार मागितला होता. साउथबरो समितीने तो नाकारण्याची शिफारस केली, आणि १९१९ च्या कायद्याने हा निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपविला. त्यामुळे लढा इलाख्याइलाख्यांतून लढावा लागला. मुंबई इलाख्यात त्याचे नेतृत्व रमाबाईंनी केले, आणि १९२१ मध्ये मुंबई कायदेमंडळाने स्त्रीत्वामुळे येणारी अपात्रता रद्द करण्याचा ठराव संमत केला. मद्रासनेही त्याच वर्षी असाच निर्णय घेतला. मालमत्तेची अट कायम असल्याने हा अधिकार मूठभर स्त्रियांनाच मिळाला, हेही नमूद केले पाहिजे. १९२४ मध्ये रमाबाई निवर्तल्या.

या लढ्याचे आत्मकथन मात्र रमाबाईंनी मागे ठेवले नाही. उलट १९१५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केला तो माधवरावांच्या संकीर्ण इंग्रजी लेखांचा संग्रह. लेखणी पतीच्या स्मृतीसाठी आणि कृती समाजासाठी, अशी ही विभागणी दिसते. म्हणून त्यांच्या कर्तृत्वाचा शोध केवळ ‘आठवणीं’त घेणारा अभ्यासक अर्ध्या वाटेवर थांबतो, आणि त्या पुस्तकाच्या आधारे त्यांना केवळ पतीची छाया ठरविणारा तर अन्यायच करतो.

मतदारयादीत ‘आमच्या’ चालत नाही, आणि दुसऱ्याला बहाल केलेले ‘स्वतः’ही चालत नाही. तेथे प्रत्येकीला आपले नाव सांगावे लागते. ही अडचण रमाबाईंच्या पिढीबरोबर सरली नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद मतदारयादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी आपले नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढीच ओळख दिली होती. त्यांपैकी बहुसंख्य उत्तर व मध्य भारतातील होत्या. कायद्याने प्रौढ मताधिकार दिला होता. भाषेतील संकेताने तो या स्त्रियांच्या हातून काढून घेतला.

रमाबाईंच्या जीवनाचे आणि लेखनाचे महत्त्व या दृष्टीने पुन्हा मापले पाहिजे. ज्या संकेताने पुढे लाखो स्त्रियांचे मत गेले, तो आपल्या ग्रंथात त्यांनी निष्ठेने पाळला. आणि त्याच संकेताला निरुपयोगी करणारा अधिकार त्यांनी आपल्या उत्तरायुष्यात स्त्रियांसाठी मागितला. ‘आठवणी’ वाचताना १९०१ नंतरची न लिहिलेली दोन तपे ध्यानी धरली, तर ‘स्वतः’ या शब्दाचा अर्थ त्या पुस्तकाबाहेर कसा बदलत गेला, हे वाचकाला उमगेल.